दुखरी पाठ आणि घोड्याचे ठाण

एमआरआयच्या कागदावर लिहिले आहे की माझ्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आली आहे. आयटीत खुर्चीवर वर्षे काढलेल्या आमच्या पिढीला याचे नवल नाही. लोकांना नवल वाटते ते वेगळेच. मी दर रविवारी इंदूरबाहेरच्या एका घोडेस्वारीच्या पागेत दोन घोड्यांची ठाणे साफ करतो. तिथला नियमच आहे, ज्याला बसायचे त्याने लीदही काढायची. मल्हाररावांच्या गावात राहून लिदीला नाक मुरडू नये, असे आमच्या आईचे मत. पाठीबद्दलचे तिचे मत इथे छापण्यासारखे नाही.

मोठा घोडा दिवसाला साधारण १५ ते २० किलो लीद टाकतो. त्यात भिजलेला भुसा मिळवला की ओझे चांगलेच वाढते. टाळाटाळ करून चालत नाही. मूत्रातून सुटणारा अमोनिया घोड्याच्या फुप्फुसांना बाधतो आणि सतत ओल्यात उभे राहिले की खुराच्या तळाचा मऊ भाग कुजू लागतो.

पाठीला सर्वात जाचते ते वाकून भरलेले फावडे कमरेतूनच वळून मागच्या ढकलगाडीत टाकणे. वाकणे, वळणे आणि ओझे, तिन्ही एकदम. शिवाय फिजिओथेरपिस्टबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. रात्री झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते. उठल्यावर पहिल्या तासाभरात वाकणे म्हणूनच जास्त धोक्याचे. आणि पागेचे काम नेमके पहाटेचे! मग मी आधी घोड्यांना फिरवतो, पाणी दाखवतो, उभ्या-उभ्या खरारा करतो. फावड्याला हात त्यानंतर. पायात मुंग्या किंवा कळ उतरली, तर त्या दिवशी काम बंद.

बाकीचे शिकवले तिथल्या साईसकाकांनी. (आजी त्यांना मोतद्दार म्हणाली असती.) "भैया, कमर नहीं, पैर घुमाओ," हा त्यांचा पहिला धडा. गाडी पाठीमागे नाही, शेजारी लावायची. वजन चाकाकडे टाकायचे, मुठींकडे नाही. सुका भुसा भिंतीशी सारून ओला तेवढाच काढायचा. लीद दाताळ्याने उचलली की सुका भुसा खाली गळतो आणि तेवढे ओझे वाचते. मधूनमधून हात बदलायचा. डावखुरे व्हायला मला महिना लागला.

माझी भर एकच, दाताळ्यांना आणि खराट्यांना पाच फुटी बांबूचे दांडे. आधीची अवजारे आखूड दांड्यांची होती. ती स्वस्त पडतात, पण उरलेली किंमत कुणाची तरी कंबर मोजत असते.

पागेत ती काकांची होती. मला आठवड्याला दोन ठाणे, त्यांना रोज आठ, कमरेला पट्टा आवळून. डॉक्टरांना दाखवले का, असे मी एकदा विचारले. "दिखाया था. बोले, आराम करो." एवढे सांगून ते हसले आणि पुढच्या ठाणात शिरले.

आता रविवारची आठही ठाणे आम्ही चौघे शिकाऊ वाटून घेतो. काका तेवढा वेळ ओट्यावर बसून खोगिरांना तेल लावतात आणि तिथूनच ओरडतात, "पैर घुमाओ, पैर!"