श्रद्धेचा वारसा चालविण्याचे ‘पाचारण’

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात ‘मंडळी’ आणि ‘पाचारण’ हे दोन शब्द वारंवार येतात. मंडळी म्हणजे चर्चची इमारत नव्हे, तर एकत्र उपासना करणारा आणि एकमेकांच्या सुखदुःखाला बांधलेला भाविकांचा समुदाय. पाचारण म्हणजे एखाद्या कार्यासाठी देवाने दिलेली हाक. ही हाक केवळ धर्मगुरूंना असते, असा सर्वसाधारण समज आहे. ख्रिस्ती शिकवणीनुसार मात्र ती साऱ्या मंडळीला असते. लाभलेली श्रद्धा जपणे, ती आचरणातून समाजापुढे ठेवणे आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे, ही त्या पाचारणाची तीन अंगे आहेत. यांतील तिसरे अंग आज महाराष्ट्रातील मंडळींची खरी कसोटी पाहणारे आहे.

मिशनकडून मंडळीकडे

अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे काम सुरू केले. शाळा निघाल्या; १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. मात्र निधी, मालमत्ता आणि महत्त्वाचे निर्णय दीर्घकाळ प्रामुख्याने मिशनच्या हाती राहिले. श्रद्धा स्थानिकांची, पण तिचा कारभार परक्यांचा, अशी ही स्थिती होती.

ही विसंगती ज्यांना तीव्रतेने जाणवली, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव ठळक आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी भजन, अभंग आणि कीर्तन उपासनेत रुजविले. १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताचे शिष्यत्व या मातीतल्या माणसाला आपले वाटले पाहिजे, ही त्यामागची धारणा होती. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई यांचे कार्यही याच वाटेवरचे होते.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनांचा सहभाग हळूहळू ओसरला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे विविध प्रोटेस्टंट परंपरांची मंडळी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. शाळा, रुग्णालये आणि जमिनींसह सारी जबाबदारी आता येथील लोकांची झाली.

वसईचा दाखला

सत्तेचा किंवा मिशनचा आधार गेल्यावर श्रद्धा टिकते का, याचे एक उत्तर वसईच्या इतिहासात सापडते. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता संपली. राजाश्रय गेला, तरी कॅथलिक समाज टिकून राहिला. त्या काळात स्थानिक धर्मगुरू आणि गावोगावची कुटुंबे यांनीच श्रद्धेची वात तेवत ठेवली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा होऊ लागली, तेव्हा वसईतील उपासनेत मराठी आली. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा हा समाज चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना करू लागला. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वसईच्या हिरवाईसाठी लढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. श्रद्धा आचरणातून समाजापुढे ठेवणे म्हणजे काय, हे त्यांच्या जीवनातून दिसले.

भाषेचा पेच

आज नवा पेच उभा आहे तो भाषेचा. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांपैकी अनेकांना टिळकांचे गीत चालीवर म्हणता येते, पण त्याचा अर्थ उलगडत नाही. शब्बाथ शाळा अर्थात संडे स्कूल कोणत्या भाषेत चालवावी, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. मराठी सोडली, तर अभंगांचा आणि कीर्तनाचा ठेवा हातचा जातो. मराठीचा आग्रह धरला, तर मुले दुरावण्याची भीती असते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढेही मूळ प्रश्न हाच होता : ऐकणाऱ्याच्या अंतःकरणाला कोणती भाषा भिडते? चारशे वर्षांनंतर प्रश्न तोच आहे. उत्तर मात्र प्रत्येक मंडळीला नव्याने शोधावे लागत आहे.

दुसरा पेच सामाजिक आहे. मराठी प्रोटेस्टंट समाजातील मोठा वर्ग दलित पार्श्वभूमीचा आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती केवळ हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती दलितांना मात्र त्या लाभल्या नाहीत. त्यामुळे श्रद्धा उघडपणे सांगणे आणि मुलाच्या शिक्षणाची सोय पाहणे यांत काही कुटुंबांची ओढाताण होते. २०११च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती समाजाची नोंद सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी होती. एवढ्या लहान समाजात एकेका कुटुंबाच्या निर्णयालाही मोल असते.

घर हीच पहिली शाळा

बायबलमध्ये तीमथ्य या तरुण सेवकाला लिहिलेले एक पत्र आहे. तुझी श्रद्धा आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होती, याचे स्मरण त्यात करून दिले आहे. श्रद्धा व्यासपीठावरून येण्याआधी घरातून येते, हा त्याचा आशय. बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पालक जे वचन देतात, त्याचा अर्थही हाच. मूल मोठे झाल्यावर दृढीकरणाच्या विधीत त्या वचनाचा स्वतःहून स्वीकार करते.

२०२० मध्ये टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा या शिकवणीची प्रत्यक्ष परीक्षा झाली. ज्या घरांत संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना जिवंत होती, तेथे उपासना थांबली नाही. जेथे सारा भार पाळकांवर किंवा धर्मगुरूंवर टाकलेला होता, तेथे पोकळी जाणवली.

दगडी चर्च, जुनी शाळा आणि कबरस्तान यांची देखभाल निधीतून होऊ शकते. प्रार्थना मात्र कोणी तरी कोणाला तरी शिकवावी लागते. मिशनरी परतले, राजवटी बदलल्या, तरी श्रद्धा टिकली, कारण एका पिढीने दुसरीला हाताशी धरून ती शिकविली. आजच्या मंडळीचे पाचारण याहून वेगळे नाही.