फिनाईलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे!

मांजराचा पिंजरा धुताना हाताशी येईल ती बाटली ओतण्याची सवय मुक्या जिवावर बेतू शकते. कोणते जंतुनाशक टाळावे, कोणते निवडावे आणि ते कसे वापरावे?

बंगळुरूच्या वायव्येला, तुमकुरू रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिलेली ही वसाहत आज आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते. लेथ आणि मिलिंगची वर्कशॉप, इलेक्ट्रोप्लेटिंग, पावडर कोटिंग, तयार कपडे असे नाना उद्योग येथे दाटीवाटीने चालतात. जेथे गोदाम तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हे ओघानेच आले. वॉचमन दुधाची वाटी ठेवतो, मांजरी शेडमागच्या खोक्यात पिल्ले घालते आणि मग कुणीतरी उरलेल्या अँगलचा आणि जाळीचा एक पिंजरा वेल्डिंग करून देतो. आपल्याकडच्या भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या वसाहतींतही याहून वेगळे चित्र नसते.

खरा प्रश्न पुढे येतो. पिंजऱ्याला वास येऊ लागला की तो धुवायचा कशाने? बाथरूमच्या दारामागे काळ्या फिनाईलचा डबा असतोच. घरी असेल तर फरशी पुसायची बाटली किंवा डेटॉल. सढळ हाताने ओतले, खराट्याने घासले, घमघमाट सुटला की काम झाल्याचे समाधान! पण मांजराच्या बाबतीत हे समाधान फार महागात पडू शकते.

वासाची जुनी सवय

उग्र वास म्हणजे स्वच्छता, ही समजूत आजची नाही. ग्लासगोचे शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली जखमांवर कार्बोलिक आम्ल म्हणजेच फिनॉल वापरायला सुरुवात केली. पुढे १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९८ मध्ये बंगळुरूत प्लेग आला. मुंबईत तेव्हा घरेच्या घरे कार्बोलिकच्या पाण्याने धुतली गेली. दवाखान्यांतून हा वास घराघरांत आला आणि पिढ्यानपिढ्या नाकात बसला. काळ्या फिनाईलमध्ये आजही डांबरापासून मिळणारी फिनॉलच्या कुळातील द्रव्ये असतात. डेटॉलच्या बाटलीतील क्लोरोक्सायलेनॉल हेही त्याच कुळातले.

मांजराचे यकृत वेगळे

माणसाच्या किंवा कुत्र्याच्या शरीरात फिनॉल शिरले, तर यकृत त्याला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देऊन लघवीवाटे बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात हे काम करणारी यंत्रणा फार दुबळी असते. म्हणूनच माणसाला तापावर दिली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

त्यात मांजराची टापटिपीची सवय भर घालते. ओल्या फरशीवर पाय पडला की ते पंजा चाटते, पिंजऱ्याच्या तळाला अंग घासले की अंग चाटते. आपण जमिनीवर टाकलेले सारे काही असे त्याच्या पोटात जाते.

फिनाईलऐवजी फरशीच्या सुगंधी द्रावणाचा पर्यायही निर्धोक नाही. त्यांपैकी बऱ्याच बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड असते. त्याचे तीव्र द्रावण चाटले गेले तर मांजराच्या जिभेवर आणि तोंडात फोड येतात, लाळ गळते, खाणे सुटते. 'नैसर्गिक' म्हणून विकली जाणारी पाइन तेलाची पांढरी फिनाईल किंवा टी ट्री तेलाची द्रावणेही टाळावीत. वनस्पतीतून आलेले सारेच मांजराला मानवते असे नाही.

मग साबणाने भागेल का?

एकच निरोगी मांजर घरात असेल, तर रोज साबणाचे पाणी आणि भरपूर ऊन पुरते. पण पिल्ले, आजारी मांजर किंवा बाहेरून नवे आलेले मांजर असेल, तर एवढ्यावर विसंबून चालत नाही. याचे कारण पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य रोग. उलट्या, जुलाब, ताप यांनी लस न घेतलेली पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावू शकतात. हा विषाणू अतिशय चिवट असून साध्या खोलीत वर्षभरही टिकू शकतो. गेल्या खेपेची पिल्ले गेली, त्याच पिंजऱ्यात पुढच्या खेपेची ठेवली आणि तीही गेली, असे घडण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. फरशीची सुगंधी द्रावणे, स्पिरिट, डेटॉल यांपैकी कशाचाही या विषाणूवर भरवसा धरता येत नाही. म्हणजे जे मांजराला घातक, तेच त्याच्या शत्रूपुढे निष्प्रभ!

स्वस्त आणि खात्रीचा उपाय

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. योग्य प्रमाणात वापरले आणि नंतर नीट धुऊन काढले, तर ते मांजराला त्रास देत नाही. पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दी-तोंडाच्या फोडांचा कॅलिसी विषाणू या दोन्हींचा ते नाश करते. द्रावणात साधारण ०.१६ टक्के क्लोरीन असावे.

त्यासाठी बाटलीवरील टक्केवारी पाहावी. द्रव ४ टक्क्यांचा असेल तर ४० मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालून १ लिटर करावे. कारखान्यांत पाणी शुद्ध करण्यासाठी १० टक्क्यांचा द्रव कॅनमधून येतो. तो असेल तर १ लिटरला १६ मिलिलिटर पुरे. ब्लीचिंग पावडर ताजी आणि ३० टक्के क्लोरीनची असेल, तर १० लिटर पाण्याला साधारण ६० ग्रॅम घ्यावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी वापरावे. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पोत्यातील पावडरीचा जोर ओसरलेला असतो. द्रावण रोज ताजे आणि थंड पाण्यातच करावे.

ब्लीचमध्ये एक खोट आहे. त्याने लोखंडी जाळी गंजते, आणि गंजलेल्या खरबरीत भागात घाण साचते. ज्यांच्याकडे अनेक पिंजरे आहेत, त्यांनी पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेट असलेली पावडर पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मागावी. कोंबड्यांच्या शेडमध्ये ती वापरतात. १ लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात ती पॅनल्यूकोपेनियावरही चालते. किंमत मात्र जास्त पडते.

धुण्याची रीत

औषधाइतकीच रीतही महत्त्वाची आहे. घाणीवर ओतलेले ब्लीच घाणीशीच झुंजण्यात संपून जाते. म्हणून हा क्रम पाळावा:

१. मांजराला दुसऱ्या खोलीत हलवावे. भांडी, अंथरूण बाहेर काढावे.

२. विष्ठा, केस, सांडलेले अन्न कागदाने उचलावे. साबणाच्या पाण्याने घासून पिंजरा स्वच्छ धुवावा.

३. ब्लीचचे द्रावण सर्वत्र लावून पूर्ण १० मिनिटे ओले राहू द्यावे. ही १० मिनिटेच खरे काम करतात.

४. साध्या पाण्याने दोनदा धुवावे आणि उन्हात किंवा पंख्याखाली कोरडे करावे. क्लोरीनचा वास गेल्यावरच मांजर आत सोडावे.

निरोगी पिल्लांचा पिंजरा आधी आणि आजारी मांजराचा सर्वांत शेवटी धुवावा. दोघांसाठी ब्रश आणि बादली वेगळी असावी. गोणपाट, पुठ्ठा, कच्चे लाकूड यांतील विषाणू कशानेच पुरता जात नाही, तेव्हा आजार झाल्यास ते टाकून द्यावे. नायट्याची लागण झाली असेल तर केस झाडून-पुसून काढणे आणि अनेक दिवस पुन्हा पुन्हा धुणे, याला पर्याय नाही.

विष्ठेचा ट्रे मात्र रोज साफ व्हायलाच हवा. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी विष्ठेत पडली की १ ते ५ दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात आणि ब्लीचने मरत नाहीत. ट्रेवर उकळते पाणी ओतावे. गरोदर स्त्रीने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

बिननावाचा कॅन नकोच

औद्योगिक वसाहतीत आणखी एक मोह असतो. शेजारच्या शेडमध्ये काहीतरी 'जबरदस्त साफ करणारे' कॅनमध्ये उरलेले असते आणि ते फुकट मिळते. ते कॉस्टिक सोडा असू शकते, गंज काढण्याचे आम्ल असू शकते किंवा ग्रीस काढण्याचे द्रावण. ज्या कॅनवर नाव नाही, ते मांजराच्या वाऱ्यालाही नेऊ नये.

ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नये. संडास धुण्याच्या आम्लाचा आणि ब्लीचचा संयोग झाला की क्लोरीन वायू सुटतो. तो मांजराइतकाच माणसालाही घातक असतो. मांजराच्या लघवीतील अमोनियाशी ब्लीच मिसळले तरी डोळे-घसा चुरचुरवणारा वायू तयार होतो. म्हणून लघवी आधी पाण्याने धुऊन काढावी, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि हातात रबरी मोजे घालावेत.

विषबाधा झालीच तर

लाळ गळणे, तोल जाणे, अंग थरथरणे, पंजे लाल होणे, तोंडात फोड येणे ही धोक्याची लक्षणे. मांजराला कोमट पाणी आणि सौम्य साबणाने लगेच धुवावे, टॉवेलात गुंडाळून चाटू देऊ नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, त्याने अन्ननलिका पुन्हा भाजते. द्रावणाची बाटली सोबत घेऊन तडक पशुवैद्य गाठावा. पीण्याच्या रहिवाशांसाठी हेब्बाळचे, १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. १९९१ साली स्थापन झालेली 'क्युपा' ही प्राणिसेवी संस्थाही शहरात काम करते. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय परिचित आहेच.

अर्थात, उत्तम धुलाई ही लसीची जागा घेऊ शकत नाही. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे झाले की तिहेरी लस सुरू करावी आणि ते १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी पुढचे डोस द्यावेत. लस टोचलेले मांजर, साबणाने घासलेला पिंजरा, मोजून केलेले द्रावण आणि १० मिनिटांचा धीर एवढे सांभाळले की पुरे. नीट धुतलेल्या पिंजऱ्याला कसलाच वास येत नाही, फिनाईलचाही नाही.