जुनी वस्ती पाण्यावरून ओळखावी

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे निघालं, की शहराच्या अलीकडे खजाना विहीर लागते. सोळाव्या शतकात निजामशाहीतल्या सलाबतखानानं ती राजा भास्कर या स्थापत्यकाराकडून बांधून घेतली. नावामुळे पुरलेलं सोनं आठवतं, पण विहिरीचं खरं धन तिच्या बोगद्यांत आहे. दोन बोगदे पाणी आत आणतात, तिसरा बाहेर नेतो. ना मोट, ना पंप. जमिनीपेक्षा बोगद्याचा उतार कमी ठेवला, की पुढं पाणी आपसूक जमिनीच्या पातळीला येतं आणि पाटानं शेतात जातं. एवढ्या एका उतारावरून केवढी वस्ती डोळ्यांपुढं उभी राहते! उतार मापणारा, काळा पाषाण फोडणारे, गाळ काढणारे, पाण्याची पाळी ठरवणारा. यांच्याविना ते पाणी वाहिलंच नसतं. म्हणून जुन्या वस्तीचं जगणं समजून घ्यायचं, तर राजवाड्याआधी पाणी बघावं.

हा तर कल्पनेचा खेळ, असं कुणी म्हणेल. कल्पना आहेच, पण तिला पुराव्याचा लगाम आहे. उदाहरणार्थ, ग्वाटेमालातल्या टिकल या माया नगरीजवळ नदी नाही आणि तिथल्या चुनखडीत पाणी झिरपून जातं. तिथल्या लोकांनी फरसबंद चौक उतरते करून पावसाचं पाणी तलावांत वळवलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एका तलावाच्या गाळात झिओलाइट आणि स्फटिकांची वाळू सापडली. हे झिओलाइट मुद्दाम बाहेरून आणलेलं होतं, पाणी गाळण्यासाठी, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. आपल्या दख्खनी बेसॉल्टच्या पोकळ्यांतही झिओलाइट गटातली खनिजं चमकतात. टिकलचा पिरॅमिड राजाचा दिमाख सांगतो. तलावाच्या गाळातले हे कण पिण्याच्या पाण्याची काळजी सांगतात.

मग एवढी हुशारी असून माया शहरं ओस का पडली? सरोवरांचा गाळ आणि गुहांमधले चुन्याचे थर नवव्या-दहाव्या शतकांतल्या दुष्काळांची साक्ष देतात. मात्र युद्धं आणि सत्तेची पडझडही सोबत होती. सगळं खापर पावसावर फोडता येत नाही. शिवाय शहरं मोडली तरी माणसं उरली. माया भाषा आजही लाखो लोक बोलतात. साठवण तुटीचे दिवस पुढं ढकलते, पाऊस पाडत नाही, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा खजाना विहिरीवर गेलात, तर ती कुणी बांधली एवढंच विचारून परतू नका. पाणी कुठून येतं, कुठं जातं आणि ती वाट आज कोण साफ ठेवतं, हेही विचारा.