विकासाची वक्ररेषा आणि शेजाऱ्याचे जंगल

आग्नेय आशियातील देशांचे पर्यावरण व आर्थिक विकास हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आवडता संशोधनविषय आहे. त्याला सबळ कारण आहे. १९६७ साली पाच देशांनी स्थापन केलेल्या ‘आसियान’ संघटनेत आज अकरा देश आहेत. सिंगापूरसारखे धनाढ्य राष्ट्र आणि लाओस, म्यानमार यांसारखे गरीब देश तेथे एकमेकांशेजारी नांदतात. जागतिक बँकेची अनेक वर्षांची आकडेवारीही विनामूल्य मिळते.

अशा प्रबंधांचा पाया बहुधा एक वक्ररेषा असते. विकासाच्या आरंभी विषमता वाढते व पुढे घटते, असा विचार सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ मध्ये मांडला. १९९१ मध्ये जीन ग्रॉसमन व ॲलन क्रुगर यांनी काही प्रदूषकांच्या बाबतीत तसाच कल दाखवून दिला. विद्यार्थी आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न व उभ्या अक्षावर प्रदूषण मांडतो. रेषा डोंगरासारखी चढून उतरली की निष्कर्ष निघतो: आधी श्रीमंत व्हा, निसर्ग पुढे आपोआप सावरेल.

यात तथ्यांश आहे. पैसा हाती आला की समाज सांडपाणी शुद्ध करतो, कारखान्यांच्या धुराला आवर घालतो. परंतु ही रेषा प्रत्येक देशाची स्वतंत्रपणे काढली जाते, आणि नेमके येथेच अभ्यासकाने थांबून विचार करावयास हवा.

थायलंडचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्याच्या दक्षिण भागात महापूर आला. उघड्या पडलेल्या डोंगरांवरून चिखल व तोडलेले ओंडके गावांवर कोसळले आणि शेकडो माणसे दगावली. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक जंगलातील व्यापारी वृक्षतोड बंद केली. निर्णय योग्यच होता; परंतु लाकडाची मागणी थांबली नाही. थाई व्यापारी म्यानमार, लाओस व कंबोडियाच्या जंगलांकडे वळले. तोड थायलंडच्या हिशेबातून उतरली, ती शेजाऱ्याच्या हिशेबात चढली.

सिंगापूरने समुद्रात भराव घालून आपली भूमी सुमारे ५८० चौरस किलोमीटरवरून ७०० च्या पुढे नेली. त्यासाठी वाळू शेजारी देशांतून आली. २००७ साली इंडोनेशियाने व २०१७ साली कंबोडियाने वाळूच्या निर्यातीवर बंदी घातली, तोवर किनाऱ्यावरील मच्छीमारांना झळ बसून चुकली होती.

भार कधी उलट दिशेनेही जातो. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. त्यात लागवडीसाठी पाणी उपसून कोरडी केलेली पीटची जमीनही मोठ्या प्रमाणावर होती. धुराने सिंगापूर व मलेशियाही काळवंडले. जागतिक बँकेने इंडोनेशियाचे नुकसान सुमारे १६ अब्ज डॉलर इतके आकारले. राष्ट्रीय उत्पन्नात मात्र पाम तेलाची विक्री जमा होते, आणि धुराने आजारी पडलेल्यांच्या औषधपाण्याचा खर्चही जमाच होतो! जळालेले जंगल तेथे वजा होत नाही.

फिलिपाइन्सच्या कॅथॉलिक बिशपांनी १९८८ मध्येच पर्यावरणावर एक मेषपालीय पत्र काढले होते. या विकासाचा लाभ कोणाला झाला आणि किंमत कोणी मोजली, हा त्यातील प्रश्न आजच्या संशोधकालाही लागू पडतो.

म्हणून आमच्या विद्यार्थी मित्रांना आम्ही सुचवू इच्छितो की, वक्ररेषा अवश्य काढा. मात्र देशाच्या आयातीकडेही पाहा. घटलेले प्रदूषण खरोखर नाहीसे झाले की सीमेपलीकडे गेले, हे तपासा. कर्बवायू व गंधकाचा धूर एकाच मापाने मोजू नका. गंधकाचा धूर ज्याचा त्याला जाचतो, म्हणून तो लवकर आवरला जातो; कर्बवायूचा भार साऱ्या जगावर पडतो.

आपणही या हिशेबाबाहेर नाही. भारत हा पाम तेलाचा जगातील एक मोठा ग्राहक आहे आणि ते प्रामुख्याने इंडोनेशिया व मलेशियातून येते. आपल्या बेकरीतील बिस्किटाची रेषाही सुमात्राच्या जंगलापर्यंत पोहोचते.