तेल, पाणी आणि व्यंगचित्र

तुळजापुरात भवानीच्या देवळाकडे जाताना दुकानांत देवीच्या छापील तसबिरी मांडलेल्या दिसतात. ऑफसेट छपाईने निघणाऱ्या अशा तसबिरींमागचे तत्त्व अगदी साधे आहे : तेल आणि पाणी मिसळत नाहीत. हेच तत्त्व वापरून जर्मनीत आलॉइस झेनेफेल्डरने १७९६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत शिळाछाप सिद्ध केला.

शिळाछापाचा दगड म्हणजे बव्हेरियातील झोल्नहोफेनचा बारीक कणांचा चुनखडक. त्यावर चरबी, मेण व साबण असलेल्या खडूने चित्र काढतात. त्यातील मेदाम्लांचा दगडातील कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. मग डिंक व किंचित नायट्रिक आम्ल यांचे द्रावण लावले, की उरलेला भाग पाणी धरून ठेवतो. दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला, तर शाई रेषांवरच बसते. तुळजापूर परिसरातील काळा बेसाल्ट कितीही टणक असला, तरी तो या कामाचा नाही. तो चुनखडक नव्हे.

या रीतीत कोरक्याची गरज उरत नाही. चित्रकाराने आज काढलेले चित्र लगेच हजारो प्रतींत छापता येते. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ऑनोरे दोमिए याने राजा लुई-फिलिप हा जनतेचा पैसा गिळणारा राक्षस म्हणून रेखाटला. त्यापायी १८३२ मध्ये त्याला तुरुंगात जावे लागले.

पुढे १८३५ च्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची झाली. लेखांना मात्र ती लागत नव्हती. सरकारचा युक्तिवाद असा, की लेख हे मत आहे, पण चित्र ही कृती आहे. निरक्षरालाही कळणाऱ्या चित्राची धास्ती त्यात दिसते. राजकारण बंद झाले तेव्हा दोमिए रोजच्या जीवनाकडे वळला : वकील, घरमालक, आगगाडीचे प्रवासी. १८४५-४६ च्या एका मालिकेत तर शिक्षक आणि त्यांचे व्रात्य विद्यार्थीच आहेत! त्याने सुमारे चार हजार शिळाचित्रे काढली.

वर्गात मेणबत्तीने कागदावर चित्र काढून वरून पातळ जलरंग फिरवावा. मेणाच्या रेघा कोऱ्या राहतील. शिळाछापात याच्या उलट घडते, रेघाच शाई घेतात. असे का, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. आणि मग आपल्या शिक्षकांचे चित्र काढायला सांगावे. आपल्याला हसू आले, तर तास सफल झाला असे आम्ही मानू.