वाफ्यावर काय अंथरावे?

आपल्या शाळेच्या बागेत सदाफुली, जास्वंद आणि गुलबक्षी आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हा झाडांना रोज पाणी कोण घालणार? पाणी घातले तरी माती उघडी असली की ऊनवाऱ्याने ओल उडून जाते. जमीन झाकली तर ओल टिकते, आणि उजेड न मिळाल्याने तणही कमी उगवते. याला आच्छादन म्हणतात, असे गुरुजींनी सांगितले. पण झाकायचे कशाने, यावरून वर्गात खूप वादावादी झाली.

मला पेंढा आवडला होता. आपल्या मुळशीत भात पिकतो, त्यामुळे पेंढा घरोघरी असतो. जपानमध्ये मासानोबु फुकुओका नावाचे शेतकरी होते. ते भात झोडल्यावर पेंढा परत शेतातच पसरत. त्यांनी १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिले. पण मी घरी पेंढा मागितला तेव्हा आजी म्हणाली, "आरं, पेंढा गुरांच्या तोंडचा. फुलझाडं काय दूध देत्यात व्हय?" आजीचे बरोबर आहे. पाऊस पडून गवत येईपर्यंत गुरांना तोच पुरवावा लागतो. शिवाय पेंढ्यात राहिलेले दाणे रुजतात आणि सदाफुलीत भात उगवतो!

तूस भाताच्या गिरणीत मिळते. ते लवकर कुजत नाही, कारण त्यात सिलिका असते. वाळूतही तीच असते. पण तूस फार हलके. वाऱ्याने उडते आणि पावसात तरंगत जाते.

एकजण म्हणाला, खडी टाकू, छान दिसेल. दिसेल खरी, पण खडी उन्हात तापते, तिचे खत होत नाही आणि दगडाखाली विंचू बसतो. ती पायवाटेवरच बरी. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरतात. त्याने ओल राहते आणि फळ मातीला लागत नाही. पण कागद फाटला की तुकडे मातीतच राहतात.

शेवटी पालापाचोळा ठरला. रानातला पाला शेतकरी भाताच्या राबासाठी भाजायला नेतात, म्हणून तो आणायचा नाही. शाळेच्या आवारात पडतो तेवढाच घ्यायचा. सागाची पाने मोठी असतात, ती चुरून घ्यावीत. आधी वाफ्याला भरपूर पाणी द्यावे, मग चार बोटे जाड थर द्यावा. खोडाला पाला टेकवू नये, नाहीतर खोड कुजते. वाळवीही बघत राहावी.

आम्ही एक वाफा झाकला आणि एक उघडा ठेवला. तिसऱ्या दिवशी बोट खुपसून पाहिले. उघड्या वाफ्यात माती कोरडी, झाकलेल्यात बोटाला चिखल लागला. आता सुट्टीत एक दिवसाआड पाणी घातले तरी चालेल. गावातल्या मुलांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत.

आपल्याकडचा पाऊस मात्र पाला वाहून नेतो आणि वाफ्याची कडही ढासळते. तिथे जिवंत झाडच हवे. हरळी माती धरते, पण ती वाफ्यात घुसते आणि उपटता उपटत नाही. गवती चहा ठोंबातच वाढतो आणि त्याच्या मुळ्या माती घट्ट धरतात. म्हणून उताराच्या कडेला आम्ही त्याचे अकरा ठोंब लावणार आहोत. पहिला पाऊस झाला की लावू. ज्यांच्या परसात असेल त्यांनी मुळासकट ठोंब आणावा. पात ओढू नये, तिची कड हाताला कापते.