बुलेटची झडप आणि उसाचे बिल

दिवाळी जवळ आली की जुने काढून नवे आणावे, हा मोह कुणाला सुटत नाही. पडदे बदलतात, भांडी बदलतात आणि ज्याच्या दारात मोटारसायकल उभी असते त्याला तिच्या पोटातलेही काहीतरी बदलावेसे वाटू लागते. आमच्या कोल्हापुराकडे या शेवटच्या मोहाचे प्रमाण अंमळ जास्तच. उद्यमनगरातल्या भट्ट्या आणि लेथ पाहत जो वाढला, त्याला इंजिन ही दुरून नमस्कार करण्याची वस्तू वाटत नाही. ती उघडून पाहण्याची वस्तू वाटते.

मी पोटापाण्यासाठी मराठी शिकवतो. पण बिडाच्या सिलिंडरची एक जुनी बुलेट बरीच वर्षे माझ्या पदरी आहे, त्यामुळे तासानंतर मुले मला अलंकारांपेक्षा टॅपेटविषयीच अधिक विचारतात. अशाच एका विद्यार्थ्याने मध्यंतरी मला गाठले. चुलत्याची जुनी बुलेट त्याच्याकडे आली होती. म्हणाला, "सर, गगनबावड्याच्या घाटात गाडी दम खातीया. कॅम, स्प्रिंगा, पुशरॉड, समदं भारीतलं टाकावं म्हणतोय. करू का?"

"आणि पैसे?"

"उसाचं बिल आलंय की."

पुढे चौकशीत कळले, की त्याच बिलातून धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी भरायची होती. एरवी अशा प्रश्नाला मी हसून उत्तर दिले असते. फीचे ऐकल्यावर नीट विचार करणे भाग पडले.

मंडळी, आधी झडपेचे काम काय ते पाहू. इंजिनाला माणसासारखाच श्वास लागतो. एक झडप पेट्रोल आणि हवा आत घेते, दुसरी जळलेला धूर बाहेर सोडते. खाली फिरणारा कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरला आणि रॉकर झडपेला दाबतो. बंद करण्याचे काम स्प्रिंगचे. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असले, तर कॅम त्याच्या निम्मे, म्हणजे २००० घेतो. प्रत्येक झडप सेकंदाला ३३ वेळा उघडते आणि मिटते. एवढे करून ती वर्षानुवर्षे तक्रार करीत नाही, याचेच नवल करावे.

फेरे फार वाढले, तर मात्र स्प्रिंगला झडप वेळेवर मिटवता येत नाही. झडप कॅमची साथ सोडून तरंगू लागते. इथला हिशेब वर्गाचा आहे. फेरे वीस टक्के वाढवले, की स्प्रिंगवरचा भार चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना कडक स्प्रिंगा आणि त्यांच्यावर टायटॅनियमच्या हलक्या टोप्या बसवतात. तिथे तो खर्च सार्थकी लागतो, कारण तिथे तो आजार खरोखरच असतो.

आपल्या बुलेटला तो आजार आहे काय? १९५५ साली मद्रासेत स्थापन झालेल्या एनफिल्ड इंडियाने हे इंजिन जोडायला घेतले. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर, घनफळ ३४६ सी.सी. आणि ताकद अठरा घोड्यांची. एवढी लांब धाव घेणारा दट्ट्या ५००० फेऱ्यांना सरासरी सेकंदाला १५ मीटर धावतो. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला गोळ्यांचे बेअरिंग नसून तरंगता बुश आहे. अशा इंजिनाची झडप तरंगू लागण्याआधी त्याचे गुडघेच बोलू लागतात. मग कडक स्प्रिंग टाकून साधले काय? नसलेल्या रोगावर औषध. आणि वर कॅम व टॅपेट यांच्या तोंडावर रोजचा जादा दाब, म्हणजे झीज.

शर्यतीचा कॅम तर घाटवाल्याने टाकूच नये. तो झडपा अधिक वेळ उघड्या ठेवतो, त्यामुळे ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते आणि खालच्या फेऱ्यांतली कमी होते. घाटात मागे कुणी बसले असता आपण गाडी नेमकी खालच्या फेऱ्यांवर ओढीत असतो. पैसे देऊन नेमके हवे तेच घालवायचे!

खुद्द कारखान्याचा इतिहासही हेच सांगतो. २०१० च्या सुमारास बुलेटमध्ये तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे टॅपेट आले. २०२० साली आलेल्या नव्या ३४९ सी.सी. इंजिनात लांब पुशरॉडच काढून कॅम डोक्यावर नेला. झडपेची यंत्रणा मुळापासून बदलूनही ताकद झाली सुमारे वीस घोड्यांची. म्हणजे सगळे इंजिन नव्याने रचून वाढले दोन घोडे! मिळाले ते दुसरेच: टॅपेटची कमी कटकट आणि शांत, सुखाची चाल. तेव्हा जुन्या इंजिनात चार सुटे भाग घालून घोड्यांचा तबेला उभा राहील, ही आशा कुणी धरू नये.

मग गाडी दम का खात होती? आमच्या मिस्त्रींनी हेड उतरवले आणि पोर्टात थोडे पेट्रोल ओतले. एक्झॉस्टच्या झडपेच्या कडेने ते झिरपू लागले. झडप बैठकीवर नीट बसतच नव्हती. मिटलेली झडप आपली बहुतेक उष्णता बैठकीला देते. बैठक बिघडली, की दाबही जातो आणि झडपही जळते. कुणीतरी टॅपेट घट्ट आवळून ठेवले होते. जुन्या बुलेटचा नियम साधा आहे: इंजिन थंड असावे, दट्ट्या दाबाच्या वेळी माथ्यावर असावा आणि पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. झडप नवी घातली, बैठक घासून घेतली, झिजलेली गाईडे बदलली, टॅपेट जुळवले. गाडी घाट चढली, आणि फीही भरली गेली.

म्हणजे चांगला भाग कधी घालूच नये, असे मी म्हणत नाही. हेड उतरलेच आहे, मजुरी द्यायचीच आहे आणि भाग झिजलेलाच आहे, तर थोडे अधिक मोजून उत्तम धातूची झडप, टणक बैठक, नेमकी गाईडे जरूर घालावीत. तो खर्च वर्षानुवर्षे परत मिळत राहतो. शर्यतच करायची असेल, तर कॅम, स्प्रिंगा, कार्बोरेटर, सायलेन्सर आणि खालचे बेअरिंग यांचा सगळा संसार एकदम मांडावा. एकट्या कॅमने काही होत नाही. पण धडधाकट भाग केवळ नव्याच्या हौसेने काढू पाहणाऱ्याने पाकिटाकडे जाणारा हात जरा आवरावा आणि आधी दोन बोटांनी पुशरॉड फिरवून पाहावा. त्याला पैसा पडत नाही.